एक पौंडाला विकलेला क्लब: फुटबॉल क्लब कर्जात का बुडतात आणि मालकाची जबाबदारी काय

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता, अकरावीत आहे, रात्र रात्र जागून प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची फुटबॉल लीग, बघतो, आणि ताटावर बसल्या बसल्या त्याने विचारलं, मामा, ह्या क्लबांवर एवढं कर्ज आहे म्हणतात मग नवीन प्लेयर कुठल्या पैशाने घेतात, आणि दरवर्षी लॉस दाखवतात तर बंद का पडत नाहीत? प्रश्न लई चांगला होता. हात वाळेपर्यंत बोलत बसलो तरी अर्धंच सांगून झालं, म्हणून बाकीचं इथे लिहून काढतोय, त्याच्यासाठी आणि ज्यांना ज्यांना हा प्रश्न पडतो त्या सगळ्यांसाठी.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशोब बघतो, वीस वर्षं झाली. सूत उधारीवर आणायचं, पार्टीचं पेमेंट नव्वद दिवसांनी येणार, लाईटबिल आज भरायचं आणि कामगाराचा पगार काही झालं तरी ठरल्या दिवशी द्यायचाच, हे ज्याने रोज बघितलंय त्याला फुटबॉल क्लबाचा ताळेबंद कळायला वेळ लागत नाही. फरक एवढाच की कारखाना बंद पडला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडून टॉवेल घेतं, पण क्लब बंद पडला म्हणून बरी नावाच्या गावचा माणूस दुसऱ्या क्लबाचा होत नाही.

बरीपासूनच सुरुवात करू. बरी हे इंग्लंडातलं मँचेस्टरजवळचं गाव, लँकेशायरच्या कापडपट्ट्यातलं. बरी, बोल्टन, ब्लॅकबर्न, सगळी सुताची आणि मागाची गावं, आपल्याकडे जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी तशा तिकडे गल्लोगल्ली चिमण्या होत्या. विसाव्या शतकात त्या गिरण्या एकेक करत बंद पडल्या आणि गावाकडे आपलं म्हणावं असं जे राहिलं त्यात शनिवारचा फुटबॉल होता. बरी एफसी १८८५ सालचा क्लब. एफए कप, म्हणजे इंग्लंडातली जुनी मानाची कप स्पर्धा, दोनदा जिंकलेला, १९०० आणि १९०३ ला, आणि १९०३ च्या फायनलला तर त्यांनी डर्बी काउंटीला ६-० हरवलं होतं. डर्बीचं नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला. म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये. लोकांना वाटतं ही काहीतरी लबाडी असणार, पण एका पौंडाचा व्यवहार हा धंद्यात नेहमीचा प्रकार आहे. क्लबाची देणी एवढी झालेली असतात की शेअरची किंमत शून्य, पण कायद्याने खरेदीखताला काहीतरी मोबदला लागतो, म्हणून एक पौंड. खरी किंमत पुढे असते, कारण क्लब घेतला म्हणजे त्याची सगळी उधारी, थकलेला टॅक्स, पगार, सगळं तुमच्या दारात आलं. घेणारे होते स्टीव्ह डेल नावाचे व्यावसायिक, आणि बरी गावात फुटबॉल क्लब आहे हेच मला आधी माहीत नव्हतं असं ते नंतर स्वतःच जाहीरपणे बोलले. लीगने त्यांच्याकडे पैसे कुठून आणणार याचे पुरावे मागितले, पण कधी मागितले, तर क्लब ताब्यात गेल्यानंतर. म्हणजे घराची चावी दिली आणि मग भाडेकरूची चौकशी सुरू केली.

आणि गंमत नाही तर दुःख बघा, त्याच सीझनला पगार रखडलेले असताना टीमने प्रमोशन, म्हणजे वरच्या लीगमध्ये जागा, मिळवलं. खेळाडूंनी आपलं काम केलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नवीन सीझन सुरू झाला पण बरीच्या मॅचेस एकामागून एक स्थगित होत गेल्या, पैशाचा पुरावा काही येईना. एका माजी संचालक बाईंनी स्टेडियमच्या पाईपला स्वतःला हातकडीने बांधून घेतलं. २७ ऑगस्टला गावातली माणसं झाडू, बादल्या घेऊन गिग लेनवर, म्हणजे क्लबाच्या ग्राउंडवर आली, कारण कोणीतरी क्लब घेतोय आणि शनिवारी मॅच होईल अशी आशा होती, तर ग्राउंड आपणच साफ करून ठेवू म्हणून. खुर्च्या पुसल्या, गवत काढलं. तो व्यवहार मोडला आणि त्याच रात्री लीगने बरीला काढून टाकलं. १३४ वर्षांचा क्लब.

आता भाच्याचा पहिला प्रश्न, हे असं होतं कसं.

क्लबाचं उत्पन्न मुख्यतः तीन ठिकाणाहून येतं, मॅचच्या दिवशीची तिकिटं वगैरे, टीव्हीचे पैसे आणि स्पॉन्सर. कधीमधी प्लेयर विकून. खर्चात सगळ्यात मोठा आकडा पगाराचा. प्रीमियर लीगमध्ये टीव्हीचा पैसा एवढा आहे की बऱ्याच क्लबांचं भागतं, पण एक पायरी खाली, ज्याला चॅम्पियनशिप म्हणतात, तिथे कित्येक सीझन असे गेलेत की सगळ्या क्लबांचं मिळून जेवढं उत्पन्न त्याच्यापेक्षा पगारच जास्त. शंभर रुपये येणार आणि एकशे आठ नुसते पगारात जाणार, अजून ग्राउंड, प्रवास, लाईट, अकॅडमी बाकीच. का करतात असं? कारण वर गेलं की पुढच्या काही वर्षांत शंभर मिलियन पौंडांच्या वर जास्तीचे पैसे दिसत असतात. म्हणून २४ क्लब तीन जागांसाठी प्लेयर घेत सुटतात, आणि २१ जण वर जात नाहीत.

आपल्याकडे हे मी डोळ्यांनी बघितलंय. एक्सपोर्टची मोठी ऑर्डर येणार आहे अशी नुसती हवा झाली की शेजारचा विणायची रॅपिअर मशीन घेतो, बँकेचं कर्ज काढून, मग त्याने घेतली म्हणून दुसरा घेतो, कारण नाही घेतली तर ऑर्डर त्यालाच जाणार. ऑर्डर येते एकालाच. बाकीच्यांच्या शेडमध्ये मशीन उभी आणि हप्ता चालू. त्यांच्यातला कोणीच मूर्ख नसतो, प्रत्येकाचा विचार आपल्या आपल्या जागी बरोबर असतो, पण सगळ्यांचा मिळून जो खेळ होतो तो बुडवणारा असतो. म्हणून मला एकट्या मालकाला शिव्या देऊन विषय संपवलेला आवडत नाही. स्पर्धेची रचनाच अशी आहे की जपून चालणारा मालक मागे पडतो आणि स्टँडमधले लोकही ओरडतात, पैसे काढ म्हणून.

मग बंद का पडत नाहीत? कारण खड्डा मालक भरतो. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते, जी बातमीत कधी नीट सांगत नाहीत. बातमीत येतं, मालकाने क्लबात एवढे मिलियन ओतले. ओतले म्हणजे कसे ओतले?

सोप्पं उदाहरण घ्या. एक गणपती मंडळ आहे. वर्गणी जमते दोन लाख, खर्च होतो पाच लाख, लेझीमचा सराव, ड्रेस, मांडव, मिरवणूक. वरचे तीन लाख अध्यक्ष घालतात. अध्यक्षांनी ते देणगी म्हणून दिले तर पावती फाडली, विषय संपला, उद्या अध्यक्ष बदलले तरी मंडळ मोकळं. पण वहीत जर लिहिलं असेल, अध्यक्षांकडून उसने तीन लाख, आणि असं दहा वर्षं चाललं, तर मंडळावर तीस लाखांचं देणं उभं राहिलं. अध्यक्ष चांगले आहेत तोवर कोणी विचारत नाही. ज्या दिवशी भांडण होतं, किंवा अध्यक्षांचा स्वतःचा धंदा बसतो, किंवा ते जातात आणि मुलं हिशोब मागायला येतात, त्या दिवशी मंडळाला कळतं की आपण इतकी वर्षं कशावर नाचत होतो.

कंपनीच्या भाषेत देणगीच्या जागी शेअर भांडवल, आणि उसने म्हणजे डायरेक्टरकडून अनसिक्युअर्ड लोन, बिनतारण कर्ज. आमच्या कारखान्याच्या बॅलन्सशीटमध्येही ती ओळ आहे, जवळपास प्रत्येक छोट्या कंपनीत असते, त्यात बेकायदा काही नाही. पण क्लबाचा हिशोब वाचताना मी सगळ्यात आधी तीच ओळ शोधतो. चेल्सीचं घ्या. रोमन अब्रामोविच यांनी २००३ मध्ये क्लब घेतला, सगळं जग म्हणायचं काय दिलदार मालक, आणि ट्रॉफ्या आल्याही, पण तो पैसा बराचसा कर्ज म्हणून होता, शेवटी दीड अब्ज पौंडांपर्यंत गेला. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले आणि एका दिवसात युरोपचा चॅम्पियन राहिलेल्या क्लबाला नवीन तिकीट विकायची सुद्धा परवानगी नाही अशी अवस्था झाली, सरकारच्या खास लायसनवर गाडी चालवावी लागली. कर्ज परत मागणार नाही असं त्यांनी जाहीर केलं आणि मे २०२२ मध्ये क्लब विकला गेला म्हणून निभावलं. मागितलं असतं तर?

अजून एक उलटा प्रकार आहे, मँचेस्टर युनायटेडचा. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर टाकलं. म्हणजे तुमचं घर मी विकत घेतो आणि त्याचा हप्ता तुम्हीच भरा. त्याआधी त्या क्लबावर कर्ज नव्हतं. युनायटेड एवढा मोठा की व्याज भरत भरत तगला, छोटा क्लब दोन वर्षं टिकला नसता.

आता डर्बी. इथे मालक बाहेरचा नव्हता, मेल मॉरिस हे डर्बीचेच, लहानपणापासूनचे फॅन, कँडी क्रश गेमच्या कंपनीतून पैसा कमावलेला. २०१५ मध्ये क्लब पूर्ण घेतला आणि प्रीमियर लीगमध्ये न्यायचाच असं ठरवून खर्च केला. लीगचा नियम असतो की तीन वर्षांत अमुकपेक्षा जास्त तोटा दाखवायचा नाही. तोटा तर वाढलेला. मग २०१८ मध्ये क्लबाने आपलं स्टेडियम प्राइड पार्क विकलं, सुमारे ८० मिलियन पौंडांना, आणि घेणारी कंपनी मॉरिस यांचीच. कागदावर क्लबाला मोठा नफा झाला. डाव्या खिशातला पैसा उजव्या खिशात, पण या उलाढालीत ग्राउंड क्लबाच्या मालकीचं राहिलं नाही हे लोकांना उशिरा कळलं. २०१९ ला प्रमोशनची फायनल हरले, पुढे कोविड आला, गेट बंद, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे प्रशासकाच्या हातात गेला. त्याचे १२ पॉइंट कापले, हिशोबातल्या गडबडीचे अजून ९, एकूण २१. वेन रूनी मॅनेजर होता, पोरांनी जीव तोडून खेळ केला तरी २१ पॉइंटचा खड्डा कुठून भरणार, उतरलेच खाली. शेवटी २०२२ च्या उन्हाळ्यात डेव्हिड क्लाउज नावाच्या तिथल्याच बिल्डरने क्लब आणि ग्राउंड दोन्ही घेतलं आणि परत एकत्र आणलं.

ग्राउंड वेगळं झालं की काय होतं हे सोलापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. गिरणी तोट्यात असते पण गिरणीखालची जमीन शहराच्या मध्यावर असते, आणि एकदा का कोणाच्या मनात जमिनीचा हिशोब सुरू झाला की मग मशीनला तेल कोण घालणार. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या संचालकांनी १९९५ मध्ये गोल्डस्टोन ग्राउंड बिल्डरला विकलं, क्लबाला जायला दुसरी जागा ठरलेली नसताना, आणि १९९७ मध्ये ते सोडावं लागल्यावर पुढची चौदा वर्षं ब्रायटनला स्वतःचं घर नव्हतं. आज तोच क्लब चांगला चालतो म्हणून लोक विसरलेत. शेफील्ड वेन्सडेचंही हिल्सबरो स्टेडियम मालक डेजफॉन चान्सिरी यांच्या दुसऱ्या कंपनीकडे गेलं, २०२५ मध्ये पगार वारंवार उशिरा झाले, लोकांनी मॅचवर बहिष्कार टाकला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेही ॲडमिनिस्ट्रेशन, १२ पॉइंट वजा. मालक बाजूला झाल्या झाल्या तेच बहिष्कार टाकलेले लोक तिकिटं आणि जर्सी घ्यायला रांगा लावून उभे राहिले, कारण आता पैसा क्लबाला मिळणार होता.

ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे काय हेही सांगतो, आपल्याला तो शब्द नवीन नाही, प्रशासक नेमला म्हणतो ना बँकेवर, साखर कारखान्यावर, तेच. मालकाच्या हातातून कारभार जातो, एक व्यावसायिक माणूस बसतो, त्याचं काम खर्च कमी करून घेणेकऱ्यांना जमेल तेवढं मिळवून देणं आणि गिऱ्हाईक शोधणं. तोपर्यंत घेणेकरी कोर्टात जाऊन क्लब बंद पाडू शकत नाहीत. प्लेयर मिळेल त्या भावाला विकतात, ऑफिसमधल्या लोकांना घरी पाठवतात.

आणि पैसे कोणाला मिळतात? इंग्लिश फुटबॉलचा एक नियम आहे, क्लबाला लीगमध्ये राहायचं असेल तर फुटबॉलमधली देणी आधी आणि पूर्ण भागवायची, म्हणजे प्लेयरचे पगार, दुसऱ्या क्लबांचे ट्रान्सफरचे हप्ते. बाकीच्यांना उरलेलं. पोर्ट्समथ २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये असताना ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलेला पहिला क्लब झाला. त्याच्या घेणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स होती, मॅचच्या दिवशी स्ट्रेचर घेऊन बाउंड्रीवर उभी राहणारी सेवाभावी संस्था. मोठ्या प्लेयरचा पगार पूर्ण, आणि स्ट्रेचरवाल्याला पौंडामागे काही पेन्स. छपाईवाला, केटरर, गवत कापणारा कंत्राटदार, सगळे त्याच रांगेत शेवटी.

ही यादी वाचली की मला वडील आठवतात. ते गिरणीत होते, कुठल्या ते लिहीत नाही, स्पिनिंग खात्यात. पगार आधी आठ दिवस उशिरा, मग महिना, मग अर्धा, आणि एक दिवस गेटवर नोटीस. देणी मिळायला वर्षानुवर्षं गेली आणि जी मिळाली ती कुठल्या क्रमाने कोणाला मिळतात हे मी पुढे अकाऊंट्स शिकल्यावर समजलो, तेव्हा घरात फक्त एवढंच कळत होतं की बँकेचा माणूस आधी आणि आपण नंतर. त्यांचा पत्र्याचा बिल्ला अजून आमच्या देवघराच्या फळीवर आहे. त्यामुळे क्लब बुडाला की टीव्हीवर प्लेयर कुठे जाणार याची चर्चा चालू असते तेव्हा माझं लक्ष तिकीट खिडकीवरच्या बाईकडे आणि ग्राउंडस्मनकडे जातं. मालकाची पहिली जबाबदारी विचाराल तर मी सांगेन, ठरल्या तारखेला पगार. तो एकदा चुकला म्हणजे आतमध्ये काहीतरी मोठं बिघडलंय हे समजायचं, बरीमध्ये तेच झालं, वेन्सडेमध्ये तेच झालं, मोरकॅमला २०२५ मध्ये तेच झालं. मोरकॅम हा समुद्रकाठच्या छोट्या गावाचा क्लब, पगार अडकले, लीगने निलंबित केलं, ऑगस्टमध्ये पंजाब वॉरियर्स नावाच्या ग्रुपने घेतला आणि क्लब वाचला.

आता आपल्या जवळचं. ब्लॅकबर्न रोव्हर्स, १८७५ चा क्लब, परत तोच मागाचा पट्टा. तिथले स्टीलचे व्यापारी जॅक वॉकर यांनी १९९१ मध्ये क्लब हातात घेतला, गावाचेच होते, स्वतःचा पैसा घालून टीम उभी केली आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकून दाखवली. २००० मध्ये ते वारले. त्यांच्या ट्रस्टने काही वर्षं चालवून नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब विकला, आणि घेतला कोणी, तर पुण्याच्या वेंकीजने, कोंबडी-अंड्यांच्या धंद्यातल्या आपल्याकडच्या नावाजलेल्या कंपनीने, २३ मिलियन पौंडांना. महिन्याभरात अनुभवी मॅनेजर सॅम ॲलरडाईस यांना काढलं आणि २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. उतरला त्या रात्री लोकांनी ग्राउंडवर जिवंत कोंबडी सोडली होती. २०१७ मध्ये अजून एक पायरी खाली, मग वर्षभरात परत वर.

मी इथे दोन्ही बाजू सांगणार, कारण पुण्याची कंपनी म्हणून झाकायचं नाही आणि लोक शिव्या देतात म्हणून सामील व्हायचं नाही. वेंकीजने क्लब सोडून पळ काढला नाही, वर्षानुवर्षं पैसा पाठवत राहिले, आणि त्यांनी नळ बंद केला असता तर ब्लॅकबर्नचं बरी व्हायला वेळ लागला नसता. पण नळ एकच आहे, आणि तो पुण्यात आहे. मध्यंतरी भारतातल्या तपास यंत्रणेच्या चौकशीमुळे इथून क्लबाला पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी घ्यावी लागत होती. विचार करा, लँकेशायरमधल्या ग्राउंडस्मनचा पगार दिल्लीच्या कोर्टातल्या तारखेशी बांधला गेला. यात कोणाची नियत वाईट आहे असं म्हणायचं नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की मालक किती पैसे घालतो यापेक्षा तो उद्या नसला तर क्लब किती दिवस चालेल हे बघा. वॉकर चांगला माणूस होता तरी त्याच्या पश्चात हाच प्रश्न उभा राहिला.

जर्मनीने यावर एक उत्तर काढलंय, ५०+१ म्हणतात त्याला. क्लबाच्या मतांपैकी निम्म्यापेक्षा एक जास्त मत सभासदांकडेच राहणार, बाहेरचा पैसेवाला येऊ शकतो पण ठराव एकटा पास करू शकत नाही. लेव्हरकुसेन, वुल्फ्सबुर्ग असे कंपनीच्या कामगारांतून आलेले क्लब सोडले तर बहुतेकांना हे लागू. सहकारी सोसायटीसारखं. पण सहकार म्हटलं की सगळं चांगलंच असं आपण सोलापूर जिल्ह्यात तरी म्हणू शकत नाही. बार्सिलोनाही सभासदांचाच क्लब, तरी २०२१ मध्ये एक अब्ज युरोच्या वर देणं झालं आणि मेस्सीला ठेवता आलं नाही. निवडणूक जिंकायला अध्यक्ष मोठमोठे प्लेयर आणायचं आश्वासन देतात आणि बिल पुढच्या अध्यक्षाच्या नावावर येतं. म्हणजे मालकी कोणाचीही असो, हिशोब बाहेरून तपासणारा कोणीतरी लागतोच.

इंग्लंडने आता तेच केलंय. बरीनंतर आणि २०२१ मध्ये बड्या क्लबांनी वेगळी सुपर लीग काढायचा जो गोंधळ घातला त्यानंतर चौकशी बसली, ट्रेसी क्राउच या खासदार बाईंनी नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला, आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट झाला. वरच्या पाच पायऱ्यांवरच्या ११६ क्लबांवर आता एक स्वतंत्र नियामक. क्लब चालवायला लायसन लागणार, मालक होणाऱ्याला पैसा कुठून येतो हे आधी दाखवावं लागणार, ग्राउंड विकायचं किंवा क्लब दुसरीकडे न्यायचा तर परवानगी, आणि बोधचिन्ह, जर्सीचा रंग अशा गोष्टीत फॅन्सना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. चावी द्यायच्या आधी चौकशी, एवढं साधं, पण त्यासाठी एक क्लब मरावा लागला.

आपल्याकडे असा स्वतंत्र नियामक नाही आणि त्याची किंमत आपल्या हायवेवरून गेलीय. २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात मुंबईबरोबर एफसी पुणे सिटी होती, बालेवाडीला मॅचेस व्हायच्या. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं, मॅच बघायची, रात्री मिळेल त्या गाडीने परत, असं आम्ही तिघाचौघांनी दोनदा केलं. केशरी-जांभळ्या जर्सीतली पोरं ओरडत होती आणि माझ्या मित्राच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या गवतावर फुटबॉल बघितला. २०१९ मध्ये पैशाच्या अडचणीत तो क्लब गुंडाळला. त्याची जागा नवीन मालकांनी घेतली आणि क्लब झाला हैदराबाद एफसी. पुणे-सोलापूर-हैदराबाद, आमच्या दारावरून गेला म्हणा. मार्च २०२२ मध्ये त्यांनी केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. दोन वर्षांत पगार थकले, प्लेयर सोडून गेले, नवीन प्लेयर घ्यायला बंदी आली. पुन्हा मालक बदलला, आणि २०२५ मध्ये क्लब हैदराबादहून उचलून दिल्लीला, नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. त्याच्याही आधी पुण्यात पिरामल ग्रुपचा पुणे एफसी बंद झाला, कल्याणी ग्रुपचा भारत एफसी एका सीझनमध्ये बंद झाला, मुंबईत महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, आणि महिंद्रा काही पैशाने कमी पडलेली कंपनी नव्हे. कंपनीच्या प्राधान्यक्रमात क्लब बसला नाही, संपला.

२०२५ च्या जुलैमध्ये तर अख्खी आयएसएलच थांबवली, कारण देशाची फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारा कमर्शियल पार्टनर यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. लीगच होणार की नाही माहीत नसताना मालक पगार कुठल्या भरवशावर देणार, काहींनी थांबवले. इथे मालकांना दोष देणं मला जड जातं. एकेका मालकाची जबाबदारी आपण मोजतो, पण वरची संस्था जर पुढच्या वर्षीचं वेळापत्रक देऊ शकत नसेल तर खालच्याने बजेट कशाचं करायचं.

भाच्याला मी एक काम दिलंय. इंग्लंडमधल्या कुठल्याही कंपनीचे हिशोब तिकडच्या सरकारी कंपनी नोंदणीच्या साईटवर फुकट बघायला मिळतात, क्लब ही कंपनीच असते. त्याच्या आवडत्या क्लबाचा शेवटचा ताळेबंद काढायचा आणि तीन गोष्टी शोधायच्या, उत्पन्नातले किती पगारात जातात, मालकाचा पैसा शेअरमध्ये आहे की लोनमध्ये, आणि ग्राउंड कोणाच्या नावावर आहे. पुढच्या रविवारी बसून बघू म्हटलंय.

आणि बरीचं पुढे काय झालं ते त्याने विचारलं होतं, जाता जाता सांगतो. लोकांनी लगेच वेगळा क्लब काढला, तळापासून खेळायला लागले. गिग लेन अडीच वर्षं कुलूपबंद. २०२२ मध्ये सरकारी निधी आणि फॅन्सच्या देणग्या मिळून ग्राउंड परत घेतलं, मग दोन्ही गटांनी मतदान करून एक व्हायचं ठरवलं, आणि २०२३ पासून बरी एफसी ह्या नावाने त्याच ग्राउंडवर खेळतात. पार खालच्या लीगमध्ये, जिथे समोरच्या टीमचं कधी नावही ऐकलेलं नसतं, तरी हजारोंनी लोक येतात. ग्राउंड आता त्यांच्या हातात आहे.